निळ्या गाडीची सीट

सुदाम गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या माझ्या दुकानात एका जीपच्या सीटा उसवत बसलो होतो. फोन त्याच्या मुलीचा, प्रज्ञाचा. "काका, पप्पा गेले... सकाळी चहा घेता घेता." मला रडू आलं नाही. खरं सांगतो, आधी राग आला. आठच दिवसांपूर्वी हा माणूस माझ्या दुकानाच्या पायरीवर उभा होता आणि म्हणत होता, "बाल्या, गाडीची डायव्हर सीट लई दबली रे. फोम बदलून दे." मी मान वर न करता म्हणालो, "बघू पुढच्या आठवड्यात. लग्नसराई हाय, दिसत न्हाई का?" तो हसला. "तुझा पुढचा आठवडा मला ठाऊक हाय," म्हणाला आणि गेला. पुढचा आठवडा आला तो असा. दोन दिवस मी त्याच्यावर चिडलो होतो, नंतर स्वतःवर. आता दीड महिना झाला, राग उतरलाय, म्हणून लिहायला बसलोय. लिहिणं माझं काम नाही. पण त्याच्या गाडीबद्दल गावात इतक्या थापा चालल्या आहेत की निदान तिच्या सीटा ज्यानं शिवल्या त्यानं तरी खरं काय ते सांगावं.

सुदाम वाघमारे म्हणजे आयटीआयमधले मोटार मेकॅनिकचे वाघमारे सर. बाहेर लोक त्याला 'गोबर सर' म्हणत. आधी चेष्टेनं, नंतर आदरानं, आणि हा पठ्ठ्या पहिल्या दिवसापासून ते नाव मिरवत असे. आम्ही दोघं त्याच आयटीआयचे विद्यार्थी. भाड्याची एक खोली, एक स्टोव्ह आणि एकच बरी चप्पल असलेले. मी कंधारकडच्या कुणब्याच्या घरातला, नांगराला कंटाळून शिवणाकडे वळलेला. तो जळकोटजवळच्या खेड्यातल्या बौद्धवाड्यातला. त्याचे वडील लवकर गेले. माय दुसऱ्यांच्या गोठ्यातलं शेण काढायला जायची. तिच्या डोक्यावरच्या टोपलीवर हा शिकला. सुट्टीत घरी गेला की तोही तिच्याबरोबर गोठ्यात जायचा, आणि खोलीवर परत आला की दोन दिवस साबणानं हात घासत बसायचा. "कुणाला वास येतो का रे?" असं मला विचारायचा. मी म्हणायचो, "तुझ्या पायमोज्याच्या पुढं काही येत न्हाई." हे आज आठवलं की मला माझंच बरं वाटतं.

नोकरी लागून बरीच वर्षं झाल्यावर तो एकदा रेल्वेनं दिल्लीला गेला, मोटारींचं मोठं प्रदर्शन बघायला. उद्याच्या जगातल्या गाड्या म्हणे तिथं ठेवतात. स्टिअरिंग नसलेल्या, हवेवर चालणाऱ्या, पाण्यावर चालणाऱ्या. चार दिवसांनी स्टेशनावरून तो थेट माझ्या दुकानात आला, पिशवीसकट. चेहरा असा की मला वाटलं पाकीट मारलं कुणी. म्हणाला, "एक गाडी होती बाल्या, फिरत्या चौथऱ्यावर. काय देखणी! दारं पंखावानी वर उघडायची. मी शेवटपर्यंत थांबलो. बंद व्हायच्या टायमाला चार माणसं आली अन् तिला ढकलत घेऊन गेली. आत इंजिनच नव्हतं रे. निसता सांगाडा." मी म्हणालो, अरे, नमुना असतो तो, दाखवण्यापुरता. तो पाणी प्यायला, पेला ठेवला आणि म्हणाला, "आपण एक करू. उद्याचीच गाडी, पंखाच्या दारांची. पण ढकलायची न्हाई. इथून जळकोटच्या पुढं माझ्या मायच्या दारापर्यंत सोताच्या चाकावर जाईल अशी. अन् पंपावरच्या तेलाचा थेंब न टाकता."

आता मायचं सांगायला हवं. नोकरी लागल्यापासून तो तिला म्हणत होता, नांदेडला चल. ती येत नव्हती. कुणाच्या गाडीत बसायलाही तयार नव्हती. दुखलं-खुपलं तरी एसटीनंच जायची. आणि तिनं मुलाला एकदा ऐकवलं होतं, "तू गाड्या दुरुस्त करून राहिला लोकायच्या. तुझी कर, मंग बसते." बोलण्याच्या ओघातलं बोलणं, पण सुदामनं ते उराशी धरलं. माय थकत चालली होती, दर उन्हाळ्यात थोडी आणखी वाकायची. त्यामुळे त्या गाडीला घाई होती. ती काही छंदापायी चाललेली गाडी नव्हती, हे तेव्हा मला आणि त्याच्या बायकोला सोडून कुणालाच माहीत नव्हतं.

इंधन कोणतं, यावर त्यानं फार विचार केला असेल असं मला वाटत नाही. ते त्यानं लहानपणीच ठरवलं असावं. शहराबाहेर एका दूधवाल्याचा मोठा गोठा होता, तिथं शेणाच्या गॅसची टाकी होती. गॅस चुलीला चालतो, मोटारीला का नाही? मोटारीला नाही चालत, कारण तो शुद्ध नसतो. त्यात निम्म्याहून थोडा कमी असा न जळणारा वायू असतो, आणि सडक्या अंड्यासारखा वास मारणारा एक दुसरा वायू असतो तो इंजिन खातो. पहिला त्यानं पाण्यातून गॅस सोडून काढला. दुसऱ्यासाठी सहा महिने डोकं खाजवलं आणि उपाय सापडला तो त्याच्याच वर्कशॉपच्या जमिनीवर. पोरांनी लेथवर काम करून पाडलेला लोखंडाचा कीस. तो ओला करून गंजवायचा, नळकांड्यात भरायचा आणि गॅस त्यातून न्यायचा. गंजलेलं लोखंड तो वास धरून ठेवतं. ज्या दिवशी हे जमलं त्या दिवशी त्यानं मला गोठ्यावर बोलावलं, नळी माझ्या नाकाखाली धरली आणि विचारलं, "येतो का वास?" मी म्हणालो, न्हाई. "नीट बघ." न्हाई रे बाबा, आजिबात न्हाई. तो तिथंच, गोठ्यातल्या दगडावर बसला आणि किती तरी वेळ आपल्या हातांकडे बघत राहिला.

गाडीची गंमत तर विचारूच नका. सांगाडा अॅल्युमिनियमचा, त्यावर बांबूच्या चटया आणि चटयांवर रेझिनचे थर. इंजिन भंगारातल्या एका व्हॅनचं, मागच्या बाजूला, जरा डावीकडे बसवलेलं. दारं वर उघडणारी, आणि ती पेलायला स्कूटरचे शॉक अॅबसॉर्बर. पुढं नाकावर हवेसाठी एक लांबट फट, तिथून मागच्या इंजिनापर्यंत हवेची जाड नळी, आणि त्या फटीवर त्याचं भारी प्रेम. रंग निळा, त्याबद्दल चर्चाच नाही. ड्रायव्हरची सीट एकटी, मधोमध. मागं दोघांची. मी त्याला म्हणालो, हा बेडूक रस्त्यावर निघाला तर कुत्री मागं लागतील. तो म्हणाला, "लागू दे. तू सीट शिव." सीटेसाठी मी त्याच्या पाठीचं माप घेतलं, तेव्हा तो शर्ट काढून उभा आणि आमचं भांडण चालूच.

रीतसर परवानगी निघाली, गॅसची टाकी तपासून झाली आणि निघायचा दिवस ठरला. सकाळी आयटीआयच्या फाटकात ही गर्दी! मी लिंबं घेऊन गेलो होतो, चाकाखाली ठेवायला. नव्या गाडीला आमच्याकडे लागतातच. सुदामनं ती माझ्या हातातून काढून घेतली, प्रज्ञाला दिली, "जा, सगळ्यायला सरबत कर," म्हणाला. मला राग आला. लिंबू नाही तर नाही, पण हार तरी घालणारच, असं म्हणून मी झेंडूचा हा जाडजूड हार आणला आणि गाडीच्या नाकावर बांधला. वाऱ्यानं उडू नये म्हणून दुकानातल्या नायलॉनच्या दोऱ्यानं बांधला, दाभणानं ओढून, चार चार गाठी मारून. सुदाम तेवढ्यात टाकीचा दाब बघत होता. मग त्यानं घरच्यांबरोबर त्रिशरण म्हटलं आणि आम्ही निघालो. तो पुढं, मी आणि प्रज्ञा मागं. प्रज्ञा तेव्हा दहावीत होती.

कंधारपर्यंत काय चालली म्हणता! माणसं दुकानांतून बाहेर येत होती. सुदाम मान डावीकडे कलती करून मागचं इंजिन ऐकत होता. कंधार सोडलं, चढ लागला, आणि गाडी धापा टाकायला लागली. मग खोकली. मग बंद. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. आता ज्या माणसानं हजारो गाड्या दुरुस्त केल्या तो कुठं बघेल? तो गॅसकडेच बघत राहिला. रेग्युलेटर खोलला, नळ्या खोलल्या, कीस ओला राहिला काय म्हणून वास घेतला. ऊन तापलं. येणारे-जाणारे थांबायचे, सल्ले द्यायचे. एक ट्रॅक्टरवाला म्हणाला, "सर, शेणावर कुटं मोटार चालती का? चला, दोर लावून ओढतो." सुदाम रस्त्याच्या कडेला बसला. इतक्या वर्षांत त्याचा असा चेहरा मी बघितला नव्हता. "ढकलतच न्यावी लागती वाटतं, बाल्या," तो म्हणाला. "दिल्लीवानीच झालं की."

तेवढ्यात प्रज्ञा म्हणाली, "पप्पा, फुलं कुठं गेली?" आम्ही बघितलं. हाराचा दोरा जागच्या जागी होता, माझ्या चारही गाठींसकट. झेंडू मात्र अर्धाही उरला नव्हता. सुदाम उठला, मागं गेला, एअर फिल्टरचं झाकण काढलं... आत पिवळ्याधमक पाकळ्या, ठासून भरलेल्या. नाकाच्या फटीतून अर्ध्याहून जास्त हार इंजिनानं गिळला होता. गाडीला श्वासच घेता येत नव्हता. "हार कोणी बांधला?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, मी. "गाठी कोणी मारल्या?" मीच. वाटलं, आता पाना डोक्यात घालतो. तो हसायला लागला. असा हसला की ट्रॅक्टरवाला घाबरून दोन पावलं मागं सरला. "गॅस चांगला हाय रे!" तो ओरडत होता. "माझा गॅस चांगला हाय! मी दीड तास बिचाऱ्या शेणावर आळ घेऊन राहिलो!" पाकळ्या झटकल्या, उरलेला हार कापून माझ्याच गळ्यात टाकला, किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. ट्रॅक्टरवाला पुढच्या जांब गावापर्यंत आमच्या मागं मागं आला, निव्वळ हौसेनं.

माय दारात उभी होती. तिनं गाडीला एक फेरी मारली, मागं जाऊन वाकली, वास घेतला. "वास न्हाई की रं येत."

"न्हाई माय. वास लोखंडात ठिवला."

दार वर गेलं तशी ती दचकली, मग पदर सावरून आत बसली. आम्हाला वाटलं, विहाराकडे न्या म्हणेल, नाही तर लग्न झालेल्या लेकीकडे. ती म्हणाली, "त्या गोठ्यावरून घे." ज्या गोठ्यात तिनं जन्म काढला तोच गोठा. सुदामनं गाडी तिकडं वळवली. गोठेवाल्यांचा नातू बाहेर आला, तरुण, भला पोरगा. डोळे विस्फारून म्हणाला, "आजी, कशावर चालती हो ही?" माय सीटेत ताठ बसली होती, आणि तिची ती वाकलेली पाठ अशी ताठ मी आधी कधी बघितली नव्हती. ती म्हणाली, "शेणावर. जे म्या उचललं, त्याच्यावर." सुदामनं पुढं बघत मान डावीकडे कलती केली, इंजिन ऐकतोय असं दाखवत. पण रडत होता, गडी. मीही रडलो, त्यात लपवायचं काय?

त्या नातवानं पुढं सुदामला बोलावून तिथंच गॅसची टाकी बांधून घेतली, आणि मायनं शेवटची चार वर्षं त्या निळ्या गाडीशिवाय दुसरीत पाय ठेवला नाही. आता प्रज्ञा औशाला तंत्रनिकेतनात शिकवते. वडील गेल्यावर तिनं ठरवलं, गाडी औशाला न्यायची, पोरांसमोर उघडायची आणि तिच्याहून चांगली दुसरी करायची. न्यायच्या आधी तिनं सीट माझ्याकडे आणून टाकली. "काका, पप्पा म्हणाले होते ना, फोम बदला म्हणून."

मी सीट उसवली. माझं अर्धं आयुष्य लोकांच्या बैठकी बघण्यात गेलं, पण अशी बघितली नव्हती. डाव्या अंगाला फोम पार खोल गेलेला, उजवीकडे जवळजवळ कोरा. इतकी वर्षं तो इंजिनाकडे कान लावून तसाच कलून बसत आला होता. नवा फोम कापून टेबलावर तयार होता. मी दोन दिवस तो इकडून तिकडं ठेवला. शेवटी जुनाच फोम परत घातला, वर नवं रेक्झिन चढवलं, आणि पोरीची पाठ दुखू नये म्हणून एक वेगळी पातळ गादी शिवून दिली, वरून बांधायची. हा कामातला माझा खोटेपणा झाला, हे तिला मी सांगितलं नाही.

परवा ती गाडी घेऊन गेली. लातूरच्या अलीकडे एका गोठ्यावर तिच्या विद्यार्थ्यांनी गॅस भरायची सोय केली आहे, तिथं थांबल्यावर तिनं फोन केला. मागं म्हशी ओरडत होत्या, पोरं ओरडत होती.

"काका, तुम्ही फोम बदललाच नाही."

मी हातातली कात्री टेबलावर ठेवली.

"मी गादी काढून ठेवली. तशीच बसले. आपोआप डावीकडे कलते हो मी... आणि काका, असं कललं की इंजिन एकदम नीट ऐकू येतं."

"कसं वाजतंय?" मी विचारलं.

"झकास वाजतंय," ती म्हणाली.