बारा इंचाचा पीळ

त्या सकाळी लव्हॉन स्कारचं नाव बर्निसच्या खानावळीत, तिच्याच तोंडावर, मातीत गेलं.

ती काउंटरशी बसून अंडी आणि तळलेले बटाटे खात होती. बाहेर पारा शून्याच्या खाली तीस. दार उघडलं तसा थंडीचा लोट आत आला आणि त्याच्या मागून डेल ओस्गुड. वरच्या अंगाच्या गुरांच्या वाड्यावर काम करणारा, चाळिशीला टेकलेला माणूस. हातमोजे काढता काढताच तो मोठ्यानं म्हणाला, "मिसेस स्कार, तुमची नळी गेली कामातून. काल दीडशे पावलांवरनं नेम धरला एल्कच्या खांद्यावर आणि गोळी लागली मागच्या पायाला. माझा नेम चुकला, डेल ओस्गुडचा!"

खानावळीतले सगळे चमचे थांबले.

आमच्या खोऱ्यात एल्कची, म्हणजे घोड्याएवढ्या रानहरणांची, शिकार चालते, आणि रायफलीच्या नळ्या करणारी लव्हॉन एकटीच. बापाच्या, आयनारच्या, हातचं यंत्र तिनं एकोणिसाव्या वर्षी हाती घेतलं, आणि आता तिला त्रेसष्टावं लागलं होतं. पोलादाच्या भरीव कांबीला भोक पाडायचं, मग त्या भोकातून एक बारीक दात ओढून चरी कापायच्या. एका ओढीला केसाहून पातळ पोलाद निघतं. शेकडो ओढी. चरी सरळ नसतात, नळीच्या आतून वळत जातात. त्या वळणालाच पीळ म्हणायचं. गोळी त्याच्यातून भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडते, आणि फिरते म्हणूनच नाकासमोर जाते. तिच्या नळीला कुणी नाव ठेवावं असं चव्वेचाळीस वर्षांत घडलं नव्हतं.

"ती नळी तुझ्या बापासाठी मी केली," लव्हॉन म्हणाली. आवाज खाली, पण मानेवरची शीर वर आलेली. "बापानं तिच्यातून पंधरा एल्क पाडली. एका गोळीला एक. ऊठ."

"अहो, मी आत्ता तर आलोय. कॉफी तरी—"

"ऊठ म्हणते ना! रायफल घे. चांदमारीवर चल. बघू माझी नळी कामातून गेली का तुझी अक्कल."

मागून कुणीतरी म्हणालं, "डेल, बायकोला फोन करून सांगू का, जेवायला थांबू नको म्हणून?" सगळे हसले. लव्हॉन हसली नाही.

चांदमारी कबरस्तानाच्या मागे. बर्फ इतकं कोरडं की पायाखाली काचेसारखं किरकिरत होतं. शंभर पावलांवर कागद लावला, आणि लव्हॉननं स्वतः डेलची रायफल टेकवून तीन गोळ्या झाडल्या. दोघं चालत कागदापाशी गेली.

कागदावर भोकं नव्हती, चिरा होत्या. एक इथे, दुसरी वीतभर लांब, तिसरी पार कोपऱ्यात. गोळी जशी आडवी पडावी तशी तिची अख्खी आकृती कागदात उमटली होती, टोकापासून बुडापर्यंत.

"काय झाडतोयस तू हे?" तिनं काडतुसांची डबी हिसकावली. सात मिलिमीटरची, पण लांबलचक, सुईसारख्या टोकाची जड गोळी. "अरे, ही नळी आखूड गोळीची आहे! बारा इंचाला एक फेरा. एवढ्या लांब गोळीला नऊ इंचाला एक तरी फेरा पाहिजे. लांब भोवरा हळू फिरवलास तर काय होतं? झिंगतो आणि आडवा होतो. शहरातल्या ज्या दुकानवाल्या पोरानं तुला ह्या विकल्या, त्याला माझ्यापुढे उभा कर, त्याच्या घशात एकेक घालते!"

"मिसेस स्कार."

"काय?"

"ऑगस्टमध्ये ह्याच गोळ्या आपण दोघांनी इथंच झाडल्या. तुम्हीच म्हणालात, चालेल."

लव्हॉननं हातातली डबी पुन्हा उलटून पाहिली.

तिला तो दिवस आठवला. गवत पिवळं, उन्हानं पाठ भाजत होती. डेलनं तीन झाडल्या आणि तिन्ही जवळजवळ पडल्या. दोन भोकं गोल होती. तिसरं एका अंगाला किंचित लांबट होतं, तांदळाच्या दाण्याएवढं. तिनं ते पाहिलं होतं. गोळी डुलते आहे, उन्हाळ्याच्या विरळ हवेत जेमतेम सावरते आहे, हे तिला कळलं होतं. हिवाळ्यात हवा दाटेल आणि मग ही गोळी सावरणार नाही, हेही. पण डेल म्हणाला होता, "दुकानवाला म्हणत होता, नळी खरी चांगली असेल तर ती काहीही उडवते." त्या एका वाक्याची तिला चीड आली होती. आपल्या नळीला एखादी गोष्ट जमत नाही हे कबूल करायला जीभ वळली नाही. ती म्हणाली होती, "चालेल."

आता ती संतापली, पण कुणावर ते तिला ठरवता येईना. म्हणून जो समोर होता त्याच्यावर तुटून पडली.

"एल्क कुठाय?"

"काय?"

"ज्या जनावराचा पाय फोडलास ते कुठाय?"

"वरच्या पाइनच्या रानात शिरलं. मादी होती. मी गेलो ना मागे! पण अंधार पडला."

"आणि आज सकाळी?"

डेल बुटांकडे बघू लागला. "म्हटलं आधी कॉफी घ्यावी. तुम्हाला सांगावं. आणि दुसरी रायफल आणून, म्हणजे, शिकारीचा परवाना अजून कोराच आहे ना माझा."

"कोरा!" ती इतक्या जोरानं ओरडली की कबरस्तानाच्या कुंपणावरचे दोन डोमकावळे उडाले. "रक्त सांडलंस आणि परवाना कोरा? तुझ्या बापानं हे ऐकलं असतं ना, तर ह्याच रायफलीच्या दस्त्यानं बडवला असता तुला!"

आमच्याकडे कायदा काय म्हणतो तो म्हणो, रीत अशी की पहिलं रक्त ज्याचं, जनावर त्याचं. सापडलं तरी त्याचं आणि हरवलं तरी त्याचं. एका हंगामाला एक परवाना, एका परवान्याला एकच जनावर; चाकूनं परवान्यावरची त्या दिवसाची तारीख कापायची आणि हंगाम संपला म्हणायचं. दुसरं जनावर मारायला रानात पाऊल टाकायचं नाही.

जनावर शोधायला ट्रकमध्ये बसल्यावर तिच्या ध्यानात एक गोष्ट आली आणि ती अधिकच जळली. डेल खानावळीत आला, पायाला गोळी लागली म्हणाला, तेव्हा तिनंही जनावराचं विचारलं नव्हतं. आधी नळीचंच विचारलं होतं. पाऊण तास त्यातच गेला होता.

माग काढायला अवघड नव्हता. तीन खुरांचे ठसे आणि चौथ्या पायाची लांब फरपट. मध्येच बर्फ दाबलं गेलेलं, तिथे बसून उठल्याची खूण, आणि गोठलेलं रक्त, काळं पडलेलं. पाच ठिकाणी मादी बसली होती. पाच वेळा उठली होती. प्रत्येक ठिकाणी लव्हॉन थांबायची, डेलला बोटानं दाखवायची आणि काही न बोलता पुढे व्हायची. त्यापेक्षा तिनं शिव्या दिल्या असत्या तर डेलला बरं वाटलं असतं.

दुपारी ओढ्याकाठच्या विलोच्या झुडपांत ती मादी दिसली. मान उचललेली, श्वासाची वाफ निघते आहे, उठायची ताकद नाही.

लव्हॉननं खांद्यावरची स्वतःची रायफल काढली. ती रायफल तिच्याशिवाय कुणी झाडली नव्हती, नवऱ्यानंसुद्धा. तिनं ती डेलपुढे धरली.

"घे."

"तुम्हीच करा ना, लव्हॉन."

"तुझं जनावर आहे. घे, आणि नीट मार. ही नळी काय करते आणि काय करत नाही, ते मी तुला सांगितलंय असं समज."

एकच आवाज झाला. ओढ्याच्या दोन्ही काठांवरून तो परत आला आणि विरला.

डेलनं परवाना काढला. चाकूनं महिना कापला, दिवस कापला. परवान्याची चिठ्ठी जनावराच्या कानाला बांधून तो वळला तर लव्हॉन गुडघ्यावर आपलाही परवाना ठेवून तारीख कापत होती.

"अहो, हे काय? तुम्ही कुठं काय मारलंत?"

"गप्प बस."

"पण ती सापडली ना! मांसही चांगलं आहे."

"सापडली दुपारी. रात्रभर कुठं होती? त्या 'चालेल'पायी बर्फात बसली होती, माझ्या." कापलेले दोन चिटोरे तिनं मुठीत चुरगाळले. "आता चामडं सोडव. आणि माझ्याशी गोड बोलायला येऊ नकोस, मी अजून चिडलेली आहे."

चार दिवसांनी डेलनं तिच्या पायरीवर एक अख्खी मांडी आणून ठेवली, कापडात गुंडाळून. चाळीस हिवाळे ज्या बाईनं दुकानातलं मांस घरात येऊ दिलं नव्हतं, तिच्याकडे या वर्षी एल्क नसणार हे त्याला ठाऊक होतं. लव्हॉननं ती उचलली, ट्रकमध्ये टाकली आणि परत त्याच्या पायरीवर नेऊन ठेवली. दार वाजवलं नाही. परतताना दुकानातून गाईचं मांस घेतलं, आणि ते चावताना अख्खा हिवाळा तिचं तोंड वाकडं राहिलं.

मांडी परत केली त्याच संध्याकाळी तिनं यंत्रावर नवी कांब चढवली, नऊ इंचाच्या पिळाचं माप लावलं, तेल सोडलं आणि पहिली ओढ घेतली. नळी डेलसाठी होती, पण ते त्याला वसंतापर्यंत कळलं नाही. पिळाचा आकडा ती आजवर नळीच्या पोटाशी ठोकायची, दस्त्याच्या लाकडाखाली, फक्त तिलाच माहीत असा. ह्या नळीवर तिनं तो वर ठोकला, झाडणाऱ्याच्या डोळ्यासमोर. हातोडीचा घाव जरा जास्तच बसला. नऊचा आकडा खोल गेला, वाकडा आला. तिनं तो तसाच ठेवला.