दिवेवालीसाठी कौल

आमच्याकडे स्वर्ग उघडायचा तो दुपारी, जेवणं उरकून भांडी पालथी घातल्यावर. पडदे ओढले की खोलीत हिरवट काळोख व्हायचा, घरामागून मांडवीचा समुद्र घोरल्यासारखा ऐकू यायचा आणि टीव्हीवर ढगांची नदी वाहायला लागायची. त्या नदीवर लांबच लांब पूल होता आणि पुलावरून एक मुलगी एकेक दिवा लावत चाललेली असायची. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा आईच्या हातातलं कोकम हातातच राहिलं. मी तेव्हा अकरावीची परीक्षा देऊन घरी बसले होते, आणि इतकं सुंदर काही आमच्या घरात येऊ शकतं यावर माझा विश्वास बसत नव्हता.

ते आणलं होतं बाबांनी. बाबा बोटीवर कुक होते. वर्षातले बरेच महिने समुद्रावर, मग थोडे घरी, की पुन्हा समुद्रावर. त्या खेपेला त्यांनी सिंगापूरहून डीव्हीडी प्लेअर आणला आणि सोबत डिस्कचा एक जाडजूड डबा. डब्यावर सगळी चिनी अक्षरं आणि तलवार उपसलेला एक माणूस. तलवार बघून बाबांना वाटलं, मारामारीचा पिक्चर असणार. निघाली प्रेमाची मालिका, तीही संपता न संपणारी.

"फसवलान मेल्यानं," बाबा म्हणाले आणि पेपर तोंडावर घेऊन आडवे झाले.

आम्ही बायका मात्र तिला चिकटलो. पडद्याखाली इंग्रजी ओळी यायच्या, त्याही मोडक्यातोडक्या. त्या वाचून मराठीत सांगायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे आमच्या घरात चिनी देव रत्नागिरीचं बोलायचे. स्वर्गाचा सेनापती डोळ्यांत पाणी आणून म्हणायचा, "अगो, येतो ना मी परत, रडतेस कशाला?" मी कंटाळून एखादं वाक्य आखडतं घेतलं तर आईला लगेच कळायचं.

"गाळू नको गो. एवढा वेळ त्याचे ओठ हलतायत नि तू दोन शब्दांत गुंडाळतेस?"

नावं कोणाच्याच जिभेवर बसेनात, म्हणून आम्ही आमची ठेवली. ती दिवेवाली. सेनापती पांढऱ्या झग्यात असायचा, तो पांढरा. दिवेवालीचं त्याच्याशी लग्न झालं आणि दुसऱ्याच दिवशी त्याला उत्तरेच्या दरवाज्यावर पहाऱ्याला पाठवलं. शंभर वर्षांतून एकदा तो एका रात्रीपुरता घरी यायचा. स्वर्गात शंभर वर्षं म्हणजे फार नव्हेत म्हणे. तिसरा होता काळा. तो राक्षसांच्या कुळातला, त्यांनी हाकलून दिलेला, पुलाच्या पायथ्याशी झोपडी बांधून औषधं कुटत बसायचा. दिवेवालीचा हात भाजला की लेप लावायचा, वारा सुटला की दिव्यांना आडोसा धरायचा, आणि दिव्यांचं तेल डोंगर उतरून तोच आणायचा. त्याला वाक्यं फारच कमी. माझ्या घशाला आराम असायचा तो काळ्यामुळे.

दिवेवालीनं पांढऱ्याची वाट बघत राहायचं की काळ्याचा हात धरायचा, यावरून आमच्या घरात उभी फूट पडली.

शेजारच्या काकू पांढऱ्याच्या. आमच्याकडे यायच्या त्या हातात काही ना काही काम घेऊन. कधी सुक्या कोळंबीचे सोडे निवडायला आणत, कधी वाल सोलायला. पांढऱ्याला कोणी बोललं की त्यांचा हात थांबायचा. "शब्द दिलान ना त्यानं? मग? शब्दाला काही किंमत हाय की नाय?" काकूंचे यजमान मुंबईला नोकरीला. गणपतीला आणि शिमग्याला यायचे, तेवढेच. लग्न झाल्यापासून असंच चाललं होतं. पांढरा चुकला म्हटलं असतं तर काकूंचं अर्धं आयुष्य चुकलं असतं, आणि ते त्या कशा होऊ देणार?

आई काळ्याची. पहिल्याच आठवड्यात तिनं निकाल देऊन टाकला होता. "शब्दावर दिवा पेटत नाय, वहिनी. तेल कोण आणून देतो ते बघा."

मीही पांढऱ्याचीच होते, पण माझी बाजू ठरवायला मला तत्त्व-बित्त्व काही लागलं नाही. त्याच्या भुवया पुरेशा होत्या. त्या उन्हाळ्यात मी जागी कमीच असायचे. संध्याकाळी मांडवीच्या काळसर वाळूवर फिरायला गेले की जेट्टीच्या टोकाशी तो पांढरा झगा फडफडताना दिसायचा. सूर्य बुडाला की समुद्र आणि आभाळ एक व्हायचं, त्यात होड्यांचे दिवे लागायचे, आणि माझी खात्री पटायची की पूल इथेच कुठेतरी सुरू होतो. भेळ खाणाऱ्या माणसांना तो दिसत नाही, बिचारी भेळ खातायत. इतकी गाढ, इतकी सुखाची गुंगी मला पुन्हा कधी आली नाही. आजही त्या उन्हाळ्याचं नाव काढलं की मला कोकमाचा आंबट वास आणि ढगांची नदी एकदमच आठवते.

आमच्या वादांना खरा जोर दिला तो लोडशेडिंगनं. ऐन वेळी, पांढरा घोड्यावरून उतरणार एवढ्यात, वीज जायची. मग पंखा थांबलेल्या खोलीत, घामानं भिजत, तोंडाला तोंड. पुढे काय होणार याच्या पैजा. काळ्यानं लेप लावताना हात जरा जास्त वेळ धरला की नाही, यावर एकदा काकू आणि आई दोन दिवस एकमेकींशी धड बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी काकू आंब्याचं साठ घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बरं, धरलान थोडा वेळ. पुढचं लाव."

बाबांचा पेपर हळूहळू तोंडावरून खाली सरकला. आधी डोळ्यांपर्यंत, मग छातीपर्यंत. एक दिवस ते उठून भिंतीला टेकून बसले, आणि वीज गेल्यावर एकदम म्हणाले, "त्या पांढऱ्याला उगीच नावं ठेवताय तुम्ही. तो काय मजा मारायला गेलाय तिकडे?"

काकूंना आकाश ठेंगणं झालं. "सांगा, भावोजी, सांगा हिला!"

"दरवाजा सोडून तो घरी बसला तर पूल तरी राहील का? ही दिवे लावते तो पूल उभा कोणाच्या जिवावर आहे?"

आई कोकमं फोडत होती. वर न बघता ती म्हणाली, "मजा मारतो असं नाय म्हणत मी. गेला, एवढंच म्हणते."

"जावं लागतं."

"जावं लागतं. पण तिला विचारलान का कधी? जाऊ का, असं? मी सगळं लक्ष देऊन ऐकलंय. एकदाही नाय."

बाबा माझ्याकडे वळले. "विचारलं नाय त्यानं?"

मी आठवून पाहिलं. "नाही, बाबा. तो दरवेळी 'येतो' म्हणतो."

काकूंनी सोडे गोळा केले, चहाची वेळ झाली म्हणत उठल्या आणि गेल्या. त्या काळोखात मी बसून राहिले. हे भांडण चिनी नव्हतं हे मला तेव्हा कळलं.

आईला बाबा घरी राहायला हवे होते. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत कामगार वाढले होते, तिथे खानावळीला जागा मिळत होती. बाबांच्या हातची कढी चाखलेला माणूस दुसरीकडे जेवला नसता. हे सगळं आईनं ठरवून ठेवलेलं होतं, आणि एकदा आडवळणानं बाबांना ऐकवलंही होतं. बाबा "बघू" म्हणाले होते. त्यापुढे ती गेली नाही. आमच्या माणसांत बोटवाल्याला "जाऊ नका" म्हणत नाहीत. तो शब्द माणसाच्या पाठीला लागतो, समुद्रात त्याच्याबरोबर उतरतो, असं मानतात. माझ्या जन्माच्या आधीपासून आई दारात उभी राहून "या" म्हणत आली होती. जे दारात म्हणता येत नव्हतं ते ती आता रोज दुपारी काळ्याच्या नावानं म्हणत होती.

मेच्या शेवटी आम्ही शेवटच्या डिस्कपर्यंत पोचलो आणि ती लागेना. खाऱ्या हवेनं तिच्यावर बुरशीचे ठिपके आले होते. टूथपेस्ट लावून पुसली, केळ्याची साल घासली, काकूंनी खोबरेल सुचवलं. पडद्यावर पुलाच्या टोकाशी दिवेवाली उभी, एका बाजूला पांढरा आणि एका बाजूला काळा, आणि चित्र तिथेच गोठून चौकोन चौकोन व्हायचं. मी खरंच रडले. त्याच आठवड्यात मुंबईहून एजंटचा फोन आला. बाबांना हजर व्हायचं होतं.

बोटीवर जायच्या आधी बाबा दरवेळी मूळ गावी जाऊन ग्रामदेवाला कौल लावत. गाव वेळणेश्वरच्या अलीकडे. गुरव देवाच्या मूर्तीला दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. बाबांचा प्रश्न ठरलेला होता, प्रवास सुखरूप होईल ना? उजवी पाकळी पडायची आणि आम्ही नारळ फोडून परत यायचो. जाऊ की नको, हे मात्र देवालाही त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

या वेळी काकूही निघाल्या. "तुमचा झाला की त्या पोरीचाही कौल लावू," त्या म्हणाल्या. "देवाला काय, चिनी असो नाहीतर चिपळूणची." मी हसले, आई हसली नाही.

एसटी कातळावरून चालली होती. दोन्हीकडे भाजलेला तांबडा सडा, नुसतं उघडं दगडी पठार, वर पांढरं आभाळ, मध्येच एखादी बाग गडद हिरवी. खिडकीत डोकं टेकून मी अर्धवट झोपेत होते. आई पुढच्या सीटवर बाबांच्या शेजारी बसली होती आणि दोघंही दोन बाजूंच्या खिडक्यांतून बाहेर बघत होती.

देवळात गारवा होता. बाबांचा कौल झाला, उजवी पडली. गावातले दोन-तीन म्हातारे बसले होते, त्यांनी माना डोलावल्या. मग आई पुढे झाली. काकू विचारतील असं मला वाटलं होतं.

"माझा एक हाय," आई म्हणाली. "एका बाईसाठी." आणि तिनं खालच्या आवाजात गुरवाला सांगितलं. चीनचं नाव तिनं घेतलं नाही. नवी पाकळ्यांची जोडी लागली. गुरवानं हात जोडले आणि आवाज चढवला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे म्हणालो. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला तसं म्हणायचंच असतं. बाबांचा आवाज नेहमीप्रमाणे सगळ्यांत मोठा.

"एक बाय हाय, म्हाराजा, पाण्याच्या काठाला ऱ्हवते."

"व्हय म्हाराजा!"

"तिचा घोव लांबच्या मुलखाला जातो, दिस सरले की एकदा घरला येतो."

"व्हय म्हाराजा!"

"ती दिवा लावून त्याची वाट बघते. वय चाललं तिचं वाट बघण्यात."

"व्हय..." म्हाताऱ्यांनी वाक्य पुरं केलं. बाबांचा आवाज मध्येच थांबला होता.

"आता ती दमली, म्हाराजा. तिनं वाट बघायची सोडलीन, तर तिच्या माथी दोष येल काय? येणार नसंल तर उजवी दे. येणार असंल तर डावी दे."

काकू "व्हय म्हाराजा" म्हणाल्याच नाहीत. त्यांनी पदर डोळ्यांना लावला होता. दिवेवालीसाठी रडतायत असं कोणाला वाटलं असतं तर वाटू दे, मला तसं वाटलं नाही.

आम्ही पाकळ्यांकडे बघत उभे राहिलो. एकही हलेना. बाहेर कोणीतरी गुरांना हाकत गेलं, त्यांच्या घंटा दूर गेल्या, तरी पाकळ्या होत्या तिथेच. गुरवानं पुन्हा हात जोडले, तेवढ्यात बाबा पुढे आले.

"राहू दे, गुरव. काढा पाकळ्या."

"देव बोलंल की, थांबा जरा."

"देवानं कशाला बोलायचं ह्यात?" बाबा म्हणाले. "हे मी विचारायचं होतं." आणि ते आईकडे वळले. म्हातारे होते, काकू होत्या, मी होते, त्याचं त्यांना काही वाटलं नाही. "तू सांग. जाऊ का मी?"

आईला रडू येतंय की राग, ते मला कळेना. मला एवढंच वाटत होतं की तिनं या वेळी तरी "या" म्हणू नये.

"नका जाऊ," आई म्हणाली.

गुरव दचकला. एक म्हातारा पुटपुटला, असं बोलू नये, बाय. आई हलली नाही. तिनं बाबांच्या डोळ्यांत बघत पुन्हा म्हटलं, या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मला तुम्ही घरात हवे आहात. नका जाऊ."

बाबांनी तिच्यासमोर हात जोडले आणि अगदी हळू म्हणाले, "व्हय म्हाराजा."