कापसाच्या पोटात हात

सरकीचा वास आला की मला चिखलीतला आमचा कॉम्प्युटर क्लास आठवतो. खाली कापसाची खरेदी चालायची; व्यापारी गाडीत कोपरापर्यंत हात खुपसून आतला कापूस ओढून पाहायचे. वर आम्ही दोघी मैत्रिणी बाजारभावाची वेबसाइट करत होतो. सरांना एकच निवडायची होती, म्हणून प्रत्येकीने आपापल्या साधनाने केली. माझी प्लगइनवर, म्हणजे ब्राउझरला वेगळं जोडावं लागणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालणारी: बोंडं उमलायची आणि त्यांतून भाव बाहेर यायचे. तिची साध्या एचटीएमएल-जावास्क्रिप्टमधली, नुसता तक्ता. सगळा वर्ग माझ्या बोंडांभोवती जमला. ती कापूस व्यापाऱ्याची मुलगी. म्हणाली, "वरचा कापूस तं सगळेच चांगला ठेवतात वं. पोटात हात घालून पाहू दे मले." तिने राइट क्लिक करून दोन्ही पानांचा कोड उघडला. तिच्या पानात एकेक भाव वाचता येत होता. माझ्यात एका फाइलचं नाव, बस्स. "काऊन वं, आत काय हाय याच्या?" साइट माझीच, पण तिथून आत जायला मलाही वाट सापडेना. तरी सरांनी माझीच निवडली. परवा त्या दोन्ही साइट्सची जुनी सीडी हाती लागली, ती लावून पाहिली. ते प्लगइन केव्हाच बंद झालेलं; माझ्या पानावर नुसता करडा चौकोन आला. तिच्या तक्त्यात कापसाचा त्या दिवशीचा भाव अजून दिसतोय.