द्वारकावहिनींची राहिलेली पानं

पुस्तक हातात घेण्याआधी द्वारकावहिनी पदराला हात पुसत. मग ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत वाचू लागत. विहिरीवर गेलेली बाई पाणी शेंदून परत येईपर्यंत त्यांचं एक पान होई. वयाच्या तिशीत, स्वतःच्या मुलीबरोबर बसून त्या अक्षरं शिकल्या होत्या. "मी बैलगाडीनं जाते हो, बाई," त्या मला म्हणत, "पण वाटेतलं एक झाड चुकत नाही माझं."

मी तेव्हा रत्नागिरीत मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि मांडवीला त्यांच्या शेजारी खोली घेऊन राहत होते. तीस-एकतीस साल असावं. आम्ही सहा बायकांनी वाचनमंडळ काढलं होतं. पुस्तक एकच. ते घरोघर फिरायचं आणि सगळ्यांचं वाचून झालं की एका शनिवारी माझ्या खोलीत जमून त्यावर बोलायचं. आमच्यातल्या वकिलीणबाईंनी नियम घातला होता, पुस्तक पुरं केल्याशिवाय बैठकीला यायचं नाही.

त्या वर्षी वहिनींची पाळी, सगळ्यांत शेवटची, नेमकी दिवाळीत आली. पावसाळ्यानंतर बोटी सुरू झालेल्या, त्यामुळे नवरा आणि दीर मुंबईहून आले. एक नणंद गुहागरहून, दुसरी खेडहून, मुलाबाळांसकट. नव्या भाताचे पोहे कांडायचे, करंज्या, चकल्या, सगळ्यांची न्हाणी. मुसळ नणंदेच्या हाती गेलं की वहिनी चार ओळी वाचत. दूध तापेपर्यंत आणखी दोन.

मला त्यांची दया आली. "वहिनी, पुढची गोष्ट मी सांगते. कुणाला कळायचं नाही."

कॉपी करणाऱ्या मुलीकडे मी बघत असे, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "उसनं मीठ आणीन, बाई. उसना शेवट नको."

धनत्रयोदशीला व्हायचं ते झालं. डोळे पुस्तकात राहिले आणि कढईतले अनारसे हसले, तुपात विखरून गेले. "अनारसे हसले, आता पाहुणेही हसतील," सासूबाई एवढंच म्हणाल्या आणि पुस्तक उचलून त्यांनी उंच फळीवर ठेवलं. त्या दिवसांत वहिनी फळीकडे बघतही नसत.

पाडव्याला दुपारी मी फराळाचं ताट घेऊन गेले, तेव्हा सासूबाई स्वतः पाटावर चढून पुस्तक काढत होत्या. मला पाहून जरा ओशाळल्या. "ही पुटपुटत वाचते, ते माझ्या कानावर पडतं. ती घर सोडून निघालेली पोर कुठे पोचली, ते कळायला नको? द्वारके, बस गो. आजची भांडी मी बघते."

तरी वेळ पुरला नाहीच. बैठकीच्या शनिवारी वहिनी माझ्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. मागे सासूबाई.

"माझी वीस पानं राहिली," वहिनी म्हणाल्या. "आत येत नाही. पुस्तक तेवढं द्यायला आले."

सगळ्या वकिलीणबाईंकडे बघू लागल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आत या दोघी. राहिलेली पानं इथंच वाचा. मोठ्यानं."

वहिनींचे कान लाल झाले, पण त्या बसल्या. बोट ओळीवर ठेवलं. जोडाक्षराशी थांबत, अडखळत, पुन्हा मागे येत. कुणीही शब्द पुरवला नाही. मुलगी गेल्यावर तिची आई तिचं जुनं लुगडं घडी घालून ठेवते, अशा दोन ओळी मध्येच आल्या. मी पुस्तक एका दिवसात संपवलं होतं. त्या ओळी मला आठवेनात. वकिलीणबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

वाचन संपलं तेव्हा समुद्रावरचं ऊन उतरलं होतं. "पोचली म्हणायची," सासूबाई म्हणाल्या. त्या दिवशी पुस्तकावर चर्चा झाली नाही. पुढे मंडळाचा नियम बदलला. शेवट सगळ्यांनी जमून ऐकायचा आणि तो द्वारकावहिनींनी वाचायचा.

तीनेक वर्षांनी वहिनींच्या नवऱ्याला मुंबईत बिऱ्हाड करता आलं. छोट्या पडावात बसून वहिनी बोटीकडे निघाल्या, तेव्हा आम्ही सगळ्या बंदरावर होतो.

पावसाळ्याच्या तोंडावर त्यांचं पत्र आलं, ठसठशीत, सुट्या अक्षरांत. "बाई, इथे चाळीत मंडळ नाही. पण शेजारच्या दोघी दुपारी माझ्याकडे शिकायला येतात. त्यातल्या एकीला परवा स्वतःचं नाव लिहिता आलं. ती त्याच्याकडे बघतच बसली. मग त्या दिवशी मी पुढचं काही शिकवलं नाही."