वजनाला मी

माझ्या भावाने दोन दारांची स्पोर्ट्स गाडी घेतली तेव्हा मी पेढा खाल्ला आणि मनातून जळले. खोटं कशाला सांगू? गाडी सेकंडहँड आहे हे कळल्यावर जरा बरं वाटलं होतं, पण आमच्या गल्लीत शिरताना तिचा जो आवाज आला त्याने तेवढंही सुख टिकलं नाही. लालभडक, बसकी, मागे दोन लहान मुलं कशीबशी मावतील एवढीच जागा. बाबा दुकानाबाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवरून गुडघे धरत उठले आणि गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारून आले. मी दुकानात चाकांच्या अलाइनमेंटचं मशीन आणलं तेव्हा ते त्याच खुर्चीवर बसून होते. बसल्या बसल्याच म्हणाले होते, "बरंय."

दुकान भांडुपला. बाबांनी पंक्चर काढण्यापासून सुरू केलं आणि टायरपर्यंत आणलं. मी बारावी झाले त्याच वर्षी त्यांची कंबर धरली. कुणीतरी दुकानात बसायला हवं होतं आणि ते कुणीतरी मी होते. दोन वर्षांनी भाऊ बारावी झाला तोवर दुकानात कुणीतरी बसलेलं होतंच, म्हणून तो इंजिनिअर झाला. आता अंधेरीला नोकरी, मुलुंडला सोसायटीत फ्लॅट. मी लग्नानंतरही आईबाबांपासून दोन गल्ल्यांवर राहते आणि माझ्या नखांतलं काळं दिवाळीलाही निघत नाही.

पण माझ्या पोटात दुखायचं ते नोकरी, फ्लॅट यांमुळे नव्हे. दुखणं जुनं होतं.

नवे टायर घातले की गिऱ्हाइकाला चाकांखाली ठेवायला लिंबं हवी असतात. बाबांनी आयुष्यात कधी लिंबू ठेवलं नाही. दुकानात निळ्या कोटातल्या साहेबांचा फोटो आहे, त्याच्याकडे बोट दाखवून विचारायचे, "यांना काय तोंड दाखवू?" लिंबाच्या जागी त्यांचा खडू असायचा. टायरची कड जिथे वळते तिथे पांढरा खडू जाड फासायचा, गाडीत माणसं बसवायची आणि स्टिअरिंग आधी एका अंगाला शेवटापर्यंत फिरवायचं, मग दुसऱ्या. मडगार्डच्या आतल्या काळ्या भागाला खडू लागला तर टायर घासतोय, गाडी सोडायची नाही. रिकाम्या गाडीवर केलेली तपासणी त्यांना मान्यच नव्हती. भरली की गाडी खाली बसते, आणि घासते ती तेव्हाच.

आम्ही दोघं लहान असताना शाळेतून आलो की या कामाला हजर असायचो. भाऊ स्टिअरिंगवर आणि मी शेजारी, वजनाला. मी अंगाने भरलेली होते, तरी कमी पडू नये म्हणून बाबा माझ्या मांडीवर एक जुना टायर द्यायचे. भाऊ तोंडाने भुर्रर्र करत स्टिअरिंग फिरवायचा, बाबा बाहेर वाकून विचारायचे, "घासतंय का गं?" आणि मी टायरला मिठी मारून कान देऊन सांगायचे, घासतंय किंवा नाही. "मी फिरवू का आज?" असं मी एकदा विचारलं होतं. बाबा म्हणाले, "तू वजनाला बरी आहेस." ते मी आजतागायत विसरलेले नाही.

तर एका शनिवारी दुपारी भाऊ ती लाल गाडी घेऊन दुकानात आला. बाबा जेवून घरी पडले होते. त्याच्या गाडीला कंपनीतूनच पुढे अरुंद आणि मागे रुंद टायर होते. पुढचे सव्वादोनशे मिलिमीटर, मागचे दोनशे पंचावन्न. त्याला चारही सारखे आणि रुंद हवे होते, त्यासाठी एकसारख्या चार रिम त्याने आधीच पाठवून ठेवल्या होत्या. वळणावर गाडीचं तोंड बाहेर पळतं, पुढची पकड वाढायला हवी, शिवाय चारही एकाच मापाचे असले की पुढचे मागे, मागचे पुढे करता येतात. मुद्दा बरोबर होता आणि त्याचाच मला जास्त राग आला. टायरचं त्याने मला सांगायचं?

"दोनशे पंचेचाळीस घाल चारही," मी म्हटलं. "माझ्याकडे आहेत."

"दोनशे पासष्ट घाल ना ताई. या गाडीवाल्यांच्या ऑनलाइन फोरमवर सगळे पासष्टच घालतात. झकास दिसतात."

घातले. खरंच झकास दिसत होते, गाडी एकदम पाय रोवून उभी राहिली. मी पुढच्या टायरच्या कडेला खडू फासला. भाऊ सवयीने स्टिअरिंगवर जाऊन बसला, शेजारची सीट थोपटली आणि हसत म्हणाला, "ये ताई, बस वजनाला."

त्याच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चाळिशी ओलांडलेली बाई, स्वतःचं दुकान चालवणारी, आणि अजून वजनालाच?

"काही गरज नाही," मी म्हटलं. "फिरव तसंच."

त्याने रिकामीच फिरवली. खडू शाबूत राहिला. तरीही मी टायर आणि काळ्या प्लास्टिकच्या मध्ये हात घालून पाहिला. एक बोट जेमतेम जात होतं. भरल्या गाडीला दोन लागतात, हे मला झोपेतही सांगता येईल.

"पास?" त्याने विचारलं.

"पास."

निघताना काच खाली करून तो म्हणाला, "उद्या आईबाबांना आत्याकडे जुन्नरला नेतोय. माळशेजवरून. बाबाच म्हणाले, याच गाडीतून जाऊ."

बाबा म्हणाले! मी दोन वर्षं त्यांना सांगत होते की माझ्या व्हॅनमधून आत्याकडे चला, आणि दोन वर्षं त्यांचे गुडघे दुखत होते. आणि या गाडीत माणसाला जवळजवळ जमिनीवर बसावं लागतं. त्याच क्षणी मला सांगता आलं असतं की थांब, काढ ते टायर. मी हात पुसत उभी राहिले. जा, मनात म्हटलं, घेऊन जा तुझ्या आईबाबांना.

रात्री जेवण गेलं नाही. डोळ्यांसमोर घाट येत होता. आई मागे, बाबा पुढे, गाडी भरून खाली बसलेली, वळणावर खड्डा आणि तो टायर प्लास्टिकच्या कडेवर खरवडतोय. फोन उचलायचे आणि ठेवायचे. फोन करायचा म्हणजे वजन का बसवलं नाही ते सांगावं लागणार होतं.

सकाळी सातला खिशात खडू टाकून मी व्हॅन घेऊन आईबाबांच्या दारात गेले. गाडी उभीच होती. आई मागच्या सीटवर गुडघे छातीशी घेऊन बसलेली आणि तरी खूश. बाबा नवा शर्ट घालून पुढे. मी खडू बाहेर काढला.

"परत कशाला ताई?" भाऊ म्हणाला. "काल पास केलीस ना?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे. "हिने पास म्हटलंय? मग काढ गाडी." आणि सीटवर मागे टेकत त्याला म्हणाले, "लहानपणी वजनाला हिलाच का बसवायचो ठाऊक आहे? तुला विचारलं घासतंय का, तर खेळायला पळायचं म्हणून नाही म्हणायचास. हिने एकदासुद्धा खोटं सांगितलं नाही. हिच्या शब्दावर मी गाड्या सोडल्यात."

तीस वर्षं मला हे ऐकायचं होतं. ते नेमकं त्या सकाळी ऐकायला मिळालं.

भावाने गाडी सुरू केली. मी बॉनेटवर हात ठेवला. "बंद कर. काल वजन बसवलं नव्हतं."

मी वाकून खडू फासला. भाऊ उतरला. "तू फिरव," एवढंच म्हणाला. बाबांच्या देखत मी पहिल्यांदाच त्या जागी बसले. आई मागे, बाबा शेजारी. स्टिअरिंग डावीकडे शेवटापर्यंत नेलं आणि खालून खर्रकन आवाज आला. खडू बघायचीही गरज नव्हती.

"घासतंय," मी म्हटलं.

"काल ठाऊक होतं?" बाबांनी विचारलं.

"हो."

ते दार उघडून, दाराची कड धरून हळूहळू उठले. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. पिशवी उचलून चालत माझ्या व्हॅनपर्यंत गेले आणि पुढच्या सीटवर बसले. गुडघ्यांचं नाव काढलं नाही. चावी मी भावाला दिली. माझी व्हॅन, माझे आईबाबा, आणि स्टिअरिंगवर पुन्हा तोच. एवढं सगळं होऊनही ते मला लागलंच, लपवत नाही.

मी लाल गाडी हळूहळू दुकानात आणली. पासष्टचे काढले, पंचेचाळीसचे चढवले, चारही सारखे. सीटवर जुने टायर रचले, दोन माणसांना भारी पडतील इतके. खडू फासून डावीकडे, उजवीकडे फिरवलं, उतरून वाकून पाहिलं, पुन्हा बसून पुन्हा फिरवलं. खडू जसाच्या तसा होता. मध्ये माझी दोन बोटं सहज जात होती.

संध्याकाळी सगळे परत आले. भाऊ गाडीकडे बघून म्हणाला, "असेपण भारी दिसतायत यार." बाबा खुर्चीवर बसायच्या आधी गाडीजवळ गेले.

"पास आहे," मी म्हटलं. "वजन बसवून."

त्यांनी मान हलवली. मग हात पुढे केला.

"खडू दे," म्हणाले.