दौलतनानांची हजेरी

दौलतनाना गेल्याचं त्यांच्या थोरल्या मुलाने, यशवंतने, चिंचवडच्या शाळेत येऊन मला सांगितलं. व्हरांड्याच्या खांबाला टेकून तो म्हणाला, "मास्तर, नाना गेले." मग थोडं थांबून, "पाटील मातीला आलते. म्हनले, आता घरात मोठा तू. अधनंमधनं चावडीवर दिसत जा…" बापाची राख अजून निवली नव्हती. दुःखाच्या आधी मला भीतीच वाटली.

निघोज्याजवळच्या आमच्या खेड्यात नानांचं घर रामोशीवाड्यात, अगदी कडेला. इंद्रायणीत मला पोहायला त्यांनीच शिकवलं. पण दिवस कलला की मला काठावर सोडून ते चावडीकडे धावत. इंग्रजांच्या कायद्याने त्यांची सगळी जमातच जन्मतः गुन्हेगार ठरवली होती. रोज पोलीस पाटलापुढे हजेरी, बोटांचे ठसे, चाकणला बहिणीकडे जायचं तरी परवाना. आमच्या घरच्या लग्नात ते भरल्या पानावरून उठून गेलेले मला आठवतात. आणि गावाची राखण मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच घराकडे होती!

स्वराज्य आलं, मग पहिली निवडणूक आली. मतदान त्याच चावडीत, दारात तोच पाटील. शाई लावायला अधिकाऱ्याने बोट धरलं, तसा नानांनी हात झटकला. "पुन्यांदा ठसा घेता व्हय?" ही शाई सगळ्यांनाच लावतात, असं मी त्यांना समजावलं. माझं बोट त्यांनी निरखून पाहिलं आणि मग आपलं पुढे केलं.

कायदा रद्द झाल्याचं गावात कळलं तेव्हा पाटील म्हणाला, "दौलत्या, कायदा गेला खरा, पर नुसतं तोंड दावून जात जा."

"न्हाई पाटील. मत द्यायला येईन."

हे शब्द उच्चारायला नानांना किती बळ लागलं असेल, ते मला नंतर कळलं. पिंपरीकडच्या माळावर एका कारखान्याचं बांधकाम चाललं होतं. तिथली तांब्याची तार चोरीला गेली आणि फौजदाराची जीप थेट रामोशीवाड्यात येऊन नानांना घेऊन गेली. चोरी झाली त्या दिवशी नाना माझ्याकडे चिंचवडला मुक्कामी होते. मी धावतपळत ठाण्यावर जाऊन तसं सांगितलं. फौजदार इंग्रजांच्या वेळचा. त्याने मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि शांतपणे म्हणाला, "मास्तर, कायदा गेला. रामोशी कुठं गेलेत?" नानांना ठेवलं होतं त्या आतल्या खोलीतून काहीच आवाज येत नव्हता… ती शांतता अजून माझ्या कानात आहे.

पुढे चोर सापडले. कंत्राटदाराचीच माणसं होती. नानांना सोडलं. माफी कुणी मागितली नाही. त्यांचा डावा कान कायमचा गेला. "मारताना त्यो शिपाई काय म्हनत हुता ठावं हाय?" एकदा ते म्हणाले. "आता तुमचंच राज्य हाय, म्हनं."

तेवढ्यात सराईत गुन्हेगारांसाठी नवा कायदा आल्याचं ऐकलं. नाव बदललं होतं, पाहणारी नजर तीच. तरीही पुढच्या निवडणुकीत नाना रांगेत सगळ्यांच्या पुढे उभे होते. "न्हाई आलो तर पाटलाला वाटंल, भ्यालो." यंदा थंडीत छातीत कफ धरल्याचं निमित्त झालं आणि ते गेले.

दहाव्याच्या संध्याकाळी आम्ही त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. सायकलवरून एक तरुण शिपाई आला. इकडे नवीनच होता, नानांना ओळखतही नसावा. त्याला फक्त पाणी हवं होतं. पण त्याने तोंड उघडायच्या आतच यशवंत उठला. टोपी काढून छातीशी धरली, पाय जुळवले, नजर जमिनीला लावली. कारखान्यात कामाला जाणारा हा पोरगा. त्याला आजवर कुणी हजेरीला उभं केलेलं नव्हतं. पण मान तशीच डावीकडे कललेली, खांदे तसेच पडलेले… क्षणभर मला नानाच दिसले.

शिपाई पाणी पिऊन, "येतो राव," म्हणत निघून गेला. यशवंत मात्र बराच वेळ तसाच उभा होता.