शकूने शिवलेला खिसा

घाटकोपरची शकू सापाला घाबरली नाही, सासूला तर नाहीच नाही. पण आत भांडं पडल्याचा आवाज आला, की शिलाई मशीन तशीच टाकून धावायची. लेक नीलम बावीस वर्षांची, आणि नवव्या वर्षापासून तिला फिट्स यायच्या. आवाज भांड्याचा की पोरीचा, हे स्वतः बघितल्याशिवाय शकू मशीनवर परत बसायची नाही!

औषधं हरली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नीलमच्या छातीत, डाव्या बाजूला कातडीखाली छोटं यंत्र बसवलं. त्याची तार मानेतल्या नसेला. दर पाच मिनिटांनी यंत्र नसेला हलकासा झटका द्यायचं, तेवढा वेळ नीलमचा आवाज घोगरा व्हायचा. फिट्स निम्म्यावर आल्या. सोबत एक मॅग्नेट दिला होता. फिट येतेयसं वाटलं, की तो यंत्रावरून एकदाच फिरवायचा; जादा झटका बसून फिट आवरायची.

मग नीलमला मालाडला नोकरी लागली आणि शकूची झोप उडाली. पोरगी रस्त्यात पडली तर मॅग्नेट शोधणार कोण? तिने नीलमच्या पाचही कुर्त्यांना आतून, यंत्राच्या बरोब्बर वर खिसा शिवला.

"किती घाबरतेस गं आई!" म्हणत नीलमने मॅग्नेट त्यात ठेवला.

त्याच दिवसापासून नीलमचा घोगरा आवाज स्वच्छ झाला. शकू हरखली. आणि बारा दिवसांत तीन फिट्स! तिसरी ऑफिसच्या जिन्यात. कपाळाला चार टाके.

डॉक्टरीणबाईंनी यंत्र तपासलं. "मॅग्नेट वर ठेवून दिला की यंत्र बंद राहतं. सांगितलं होतं ना?"

सांगितलं असेल. भेदरलेल्या माणसाला अर्धंच ऐकू येतं.

"मीच ठेवत होते," नीलम पटकन म्हणाली.

शकूने तिच्या कपाळाकडे पाहिलं. "खोटं बोलतेय ती. खिसा मी शिवला. माझ्या हाताने वाट लावली मी पोरीची." आणि ती तिथेच ढसाढसा रडली.

घरी येऊन तिने पाचही खिसे उसवले. सोमवारी नीलमने मॅग्नेट पट्ट्याने मनगटावर बांधला. शकूने चपला घातल्या.

"मालाडपर्यंत येते मी."

"नको आई."

"पडलीस म्हणजे?"

"पडेन. कोणीतरी उचलेल. पण तू सोबत असलीस ना, की मलाच भीती वाटायला लागते."

नीलम जिना उतरून गेली. शकू पायात चपला तशाच ठेवून उंबऱ्यावर बसून राहिली.